सराव सामना ५-० ने जिंकलात, पण ६५व्या मिनिटाला काय झाले?

महाविद्यालयांच्या शारीरिक शिक्षण संचालकांना खुले पत्र

प्रति,
शारीरिक शिक्षण संचालक आणि फुटबॉल संघ व्यवस्थापक,
कोल्हापूर, सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील महाविद्यालये

स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचे वेळापत्रक लागले की दर वर्षी तीच धावपळ सुरू होते. नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागते, पन्नास-साठ पोरे मैदानावर येतात, एका दुपारी निवड उरकते. मग आठ-दहा दिवस राउंड, शेजारच्या कॉलेजबरोबर दोन सराव सामने, आणि संघ थेट विभागीय फेरीत. सराव सामने जिंकले असतील तर ‘यंदा तयारी जोरात आहे’ असे प्राचार्यांना कळवले जाते. हरले असतील तर गोलकीपर बदलला जातो.

आम्ही मैदानावर काम करणारे काही प्रशिक्षक, फिजिओ आणि पंच. या ‘तयारी जोरात आहे’ला आधार काय, हे आम्हाला विचारायचे आहे. सराव सामन्याचा स्कोअर हा त्यातला सर्वांत कच्चा आधार. समोरचा संघही त्याच आठवड्यात गोळा झालेला असतो, त्यांचे दोन स्टॉपर, म्हणजे मधले बॅक, प्रॅक्टिकलला गेलेले असतात, उत्तरार्धात दोन्हीकडून सगळी राखीव पोरे उतरतात. असा सामना ५-० ने जिंकला काय आणि १-२ ने हरला काय, तुमच्या अकरा जणांबद्दल त्यातून फार थोडे कळते. आमची मागणी साधी आहे : हंगामापूर्वीच्या सरावात पोरांनी काय केले ते रोज वहीत उतरवा, आणि संघ त्या वहीवरून ठरवा.

सुरुवात निवडीपासून. साठ पोरांना अकरा-अकराच्या संघांत वाटून वीस-वीस मिनिटे खेळवणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून निवड करणे. हिशोब करून बघा. वीस मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम बारा मिनिटे. बाकी वेळ थ्रो, गोलकिक आणि भांडणात जातो. बारा मिनिटे म्हणजे ७२० सेकंद, त्यांना २२ ने भागा. एका पोराच्या वाट्याला चेंडू येतो सरासरी अर्धा मिनिट. त्यातही बाजूला उभ्या राहिलेल्या लाजऱ्या फर्स्ट इयरच्या पोराकडे तो येतच नाही, आणि पेठेत नाव असलेल्याकडे सगळे पास जातात. त्यापेक्षा ३० बाय २० मीटरचे चौकोन आखा आणि चार विरुद्ध चार खेळवा. चार मिनिटे खेळ, दोन मिनिटे विश्रांती, असे चार डाव, आणि दर डावाला संघ बदला. इतक्या छोट्या जागेत कुणाला लपता येत नाही. पहिला टच, डोके वर आहे की नाही, चेंडू गेल्यावर मागे पळतो की कमरेवर हात ठेवून उभा राहतो, हे चौथ्या डावापर्यंत उघडे पडते. आणि निवड एका दुपारी उरकू नका, तीन दिवस द्या. पहिल्या दिवशी चमकणारा तिसऱ्या दिवशी मांडीला बर्फ लावून बसलेला असेल, तर तेही तुम्हाला कळायलाच हवे.

तयारीला सहा आठवडे लागतात. आठ-दहा दिवसांत दम वाढत नाही. पाय मात्र दुखावतात. पहिले दोन आठवडे तीनच दिवस सराव घ्या, तासाभराचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चार दिवस, सव्वा तास, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन अर्धांचा एक सराव सामना. पाचव्यात पूर्ण वेळेचा सामना. सहाव्यात वेग तोच ठेवून वेळ साधारण चाळीस टक्क्यांनी कमी करायची, म्हणजे पोरे स्पर्धेला ताजी पोचतात. सहावा आठवडा हाच सगळ्यांत जास्त मोडला जातो. ‘आता मॅच आली, रोज या’ म्हणून नेमके तेव्हाच सराव वाढवतात. या सहा आठवड्यांत गणपती येतात हे आधीच धरून चाला. ढोल वाजवून आणि मिरवणुकीत नाचून पहाटे तीनला झोपलेल्या पोराला सकाळी सहाला स्प्रिंट मारायला लावू नका. ते दिवस सरळ हलके ठेवा : पासिंग, कॉर्नर, फ्री किक.

वॉर्मअप म्हणून मैदानाला पाच फेऱ्या आणि उभे राहून पाय ताणणे, ही पद्धत आता सोडा. फिफाचा ‘११ प्लस’ हा कार्यक्रम फुकट आहे आणि त्याचे व्हिडिओ फोनवर मिळतात. त्यात पंधरा व्यायाम, वेळ वीस मिनिटे : पहिला भाग आठ मिनिटांचा सावकाश पळण्याचा, दुसरा दहा मिनिटांचा ताकद, उडी आणि तोल यांचा, तिसरा दोन मिनिटांचा वेगाने पळण्याचा. सामान काय, तर पाच-सहा मीटर अंतरावर कोनच्या, म्हणजे खुणेच्या प्लास्टिक शंकूंच्या, सहा जोड्या. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. हा कार्यक्रम करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होत्या. अट एवढीच की तो आठवड्यातून किमान दोनदा व्हायला हवा, आणि नीट व्हायला हवा. सामन्याआधी फक्त पहिला आणि तिसरा भाग करायचा. ताकदीचा भाग सामन्याच्या दिवशी केला तर पाय जड होतात.

‘नीट’ म्हणजे काय ते एका व्यायामावरून सांगतो. मांडीच्या मागच्या स्नायूचा, म्हणजे हॅमस्ट्रिंगचा, नॉर्डिक व्यायाम याच दुसऱ्या भागात येतो. पोराने घडी घातलेल्या पोत्यावर गुडघे टेकायचे. जोडीदाराने मागून दोन्ही घोटे जमिनीला दाबून धरायचे. पोटऱ्यांवर बसायचे नाही, तिथेच सगळे चुकतात. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर फळीसारखे सरळ ठेवून पुढे झुकत जायचे, जितके सावकाश जमेल तितके, आणि तोल सुटला की पुढे हात टेकायचे. वर येताना हातांनी ढकलून यायचे. वर येण्यात कसरत नाही, सगळी कमाई खाली जाण्यात आहे. सर्रास होणारी चूक म्हणजे कंबरेत वाकणे. पोरगा नमस्कार घातल्यासारखा खाली जातो, स्नायूवर भारच येत नाही, आणि ‘मला तर सोपे गेले’ म्हणतो. दुसरी चूक प्रशिक्षकाची. पहिल्या पातळीला हा व्यायाम तीन ते पाच वेळाच करायचा आहे, मग सात ते दहा, मग बारा ते पंधरा. पहिल्याच दिवशी पंधरा करून घेतले की पोराला तीन दिवस जिना चढता येत नाही, आणि तो हा व्यायाम पुन्हा आयुष्यात करत नाही.

आता दम. ‘पोरगा दहा राउंड मारतो’ हे फुटबॉलच्या दमाचे माप नाही. सामन्यात एका गतीने कुणी पळत नाही. पळतो, थांबतो, वळतो, पुन्हा पळतो. त्यासाठी यो-यो चाचणी घ्या, इंटरमिटंट रिकव्हरी, पातळी एक. दोन कोन बरोबर २० मीटरवर ठेवा. सुरुवातीच्या कोनामागे पाच मीटरवर तिसरा कोन. प्रत्येकाला दोन मीटर रुंदीची पट्टी. फोनवर या चाचणीच्या बीपचा आवाज लावा आणि मोठ्या स्पीकरला जोडा. बीपला निघायचे, २० मीटर जायचे, परत यायचे, मग मागच्या कोनाला वळसा घालून दहा सेकंदांची विश्रांती. वेग ताशी १० किलोमीटरपासून सुरू होतो आणि वाढत जातो. बीपच्या आत पोचला नाही तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा चुकला की बाहेर. पूर्ण झालेल्या जा-ये मोजा आणि ४० ने गुणा. ३० झाल्या तर १,२०० मीटर. आमच्या मते १,२०० च्या आत बाहेर पडणारा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, पूर्ण सामन्याचा नाही. तो उत्तरार्धात उतरवण्याचा खेळाडू आहे. ही चाचणी पहिल्या आठवड्यात एकदा आणि पाचव्यात एकदा घ्या : तेच मैदान, तेच बूट, तीच वेळ. चिखलात घेतलेला आकडा कोरड्या मैदानावरच्या आकड्याशी ताडता येत नाही. गांधी मैदानासारख्या पाणी साचणाऱ्या ठिकाणी पावसाळ्यात ही चाचणी घेऊच नका. कॉलेजचे बास्केटबॉलचे कोर्ट मोठे आणि न घसरणारे असेल तर तिथे घ्या. आणि अंतर पावलांनी मोजू नका. १९ मीटर झाले की सगळा संघ एकदम तंदुरुस्त दिसतो.

यापुढचा मुद्दा आपल्याकडे जितका लागू आहे तितका क्वचितच कुठे असेल. कोल्हापुरात एकच पोरगा सकाळी कॉलेजचा, संध्याकाळी तालमीचा, म्हणजे पेठेतल्या तालीम मंडळाच्या संघाचा, आणि रात्री दहाला टर्फवर मित्रांचा असतो. तालमींनीच इथला फुटबॉल जगवला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. तेव्हा ‘तालमीत जाऊ नको’ असे कुणी सांगू नये, आणि सांगून पोरगा ऐकणारही नाही. पण पायांना कॉलेज आणि तालीम वेगळी कळत नाही, त्यांना बेरीज कळते. ही बेरीज काढायची सोपी रीत आहे. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारायचे, ‘किती जड गेले? शून्य ते दहा.’ तो आकडा मिनिटांनी गुणायचा. ७५ मिनिटांचा सराव आणि उत्तर ‘सहा’, म्हणजे ४५० गुण. समजा, एका पोराचे कॉलेजमधले चार दिवस ४५०, ३७५, ४५० आणि ३०० असे झाले. तुमच्या वहीत आठवड्याचे १,५७५. त्याच आठवड्यात तालमीत दोनदा तासभर, ‘पाच’ जड, म्हणजे ६००. शिवाय ९० मिनिटांचा सामना, ‘आठ’ जड, म्हणजे ७२०. खरी बेरीज २,८९५, म्हणजे तुमच्या वहीतल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. मग सातव्या-आठव्या दिवशी साध्या धावेत त्याची हॅमस्ट्रिंग धरते आणि सगळे म्हणतात, ‘नशीब बघा.’

यावर उपाय तालमीच्या प्रशिक्षकाचा फोन नंबर. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, दोघांनी पाच मिनिटे बोलून कोण कुठल्या दिवशी दमवणार हे ठरवायचे. एका आठवड्याहून पुढच्या आठवड्यात बेरीज दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त उडी मारत असेल, तर एका दिवसाचा सराव कमी करायचा. कुणाचा, यावर मानापमान नको. पोरांनी आकडा खोटा सांगू नये म्हणून एकेकाला बाजूला घेऊन विचारा. सगळ्यांसमोर विचारले तर कॅप्टन ‘चार’ म्हणतो आणि मागचे अठरा जणही ‘चार’ म्हणतात.

सराव सामन्याकडे आता वळतो. स्कोअर लिहा, हरकत नाही, पण वहीच्या कोपऱ्यात. वहीत मधोमध यायला हव्यात त्या दोन गोष्टी. पहिली, आपल्या गोलकडच्या एक तृतीयांश भागात आपण चेंडू किती वेळा गमावला, दर पंधरा मिनिटांना. एका राखीव पोराला कागद-पेन देऊन बसवा, रेघा मारायला सांगा. समजा, पहिल्या पंधरा मिनिटांत तीन रेघा आणि ६० ते ७५ मध्ये नऊ. मग ५-० च्या विजयातही तुमचा संघ उत्तरार्धात फुटत होता, समोरच्याला ते साधता आले नाही एवढेच. दुसरी गोष्ट, आपल्या मागच्या आणि पुढच्या ओळीमधले अंतर. हे साइडलाइनवरून दिसत नाही. एक फोन तिपाईला लावून कॉलेजच्या गच्चीवर किंवा स्टँडच्या सर्वांत वरच्या पायरीवर ठेवा, मैदान पूर्ण येईल असा, आणि त्याला हात लावू नका. चेंडूच्या मागे कॅमेरा फिरवणाऱ्या उत्साही पोराला तिथे पाठवूच नका. घरी जाऊन दहावे आणि ६५वे मिनिट शेजारी-शेजारी बघा. दहाव्याला शेवटचा बॅक आणि पुढचा फॉरवर्ड यांत ३५-४० मीटर असतात. ६५व्याला बॅक आपल्या डीच्या, म्हणजे पेनल्टीच्या चौकटीच्या, टोकाला बसलेले, फॉरवर्ड वर उभे, मध्ये ६० मीटरचे मोकळे रान. त्या रानात दोन हाफ एकटे सापडतात, आणि लोक स्टँडवरून त्यांच्याच नावाने ओरडतात.

याचे कारण शोधताना यो-योचा आकडा उपयोगी पडतो. हाफांचा आकडा कमी असेल तर दम कमी आहे, पुढचे दोन आठवडे चार-चारचे डाव वाढवा. आकडा चांगला असून भगदाड पडत असेल, तर दोष स्टॉपरचा आहे. चेंडू पुढे गेला की तो ओळ वर आणत नाही, आवाज देत नाही. त्याला राउंड मारायला लावून काही होणार नाही. त्यासाठी अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध आठ खेळवा आणि नियम करा : आपले सगळे बॅक मधल्या आखलेल्या रेषेच्या वर आलेले असतील तरच गोल धरला जाईल. दोन दिवसांत स्टॉपरचा घसा बसलेला ऐकू येईल.

कॉर्नर आणि फ्री किकला आठवड्यातला एक वेगळा अर्धा तास द्या, इथे जास्त लिहीत नाही. गोलकीपरकडे मात्र दुर्लक्ष अक्षम्य आहे. बाकीचे पासिंग करतात तेव्हा तो एकटा भिंतीवर चेंडू मारत असतो, आणि शेवटी सगळे मिळून त्याच्यावर पन्नास शॉट मारतात. हा सराव त्याचा झाला की त्यांचा? त्याला रोज वीस मिनिटे वेगळी, ओला चेंडू धरायला द्या, उंच क्रॉस काढायला द्या, आणि कडक जमिनीवर डाइव्ह मारायला लावू नका. त्यासाठी वाळूची लांब उडीची जागा आहे.

पाणी आणि ऊन. पावसाळा ओसरताना हवा दमट असते, आणि पुढे ऑक्टोबर हीट. सराव दुपारी तीनला ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतः त्या वेळी मैदानावर उभे राहून बघावे. वजनकाटा मागवा, सरावाआधी आणि नंतर वजन घ्या. ६० किलोच्या पोराचे १.२ किलो कमी झाले म्हणजे दोन टक्के पाणी गेले. त्यापुढे खेळ हमखास ढासळतो. गेलेल्या प्रत्येक किलोमागे पुढच्या काही तासांत दीड लिटर पाणी, थोडे-थोडे. अठरा पोरांना सव्वा तासासाठी मैदानावर किमान पंधरा लिटर ठेवा आणि दर वीस मिनिटांनी थांबा. खूप घाम गाळणाऱ्यांना ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. पोरगा बरळायला लागला, भलत्या दिशेला पळायला लागला किंवा कोसळला, अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. सावलीत न्या, कपडे काढा, बादल्यांनी पाणी ओता, बर्फ असेल तर बर्फाच्या पाण्यात बसवा. आधी थंड करणे, नंतर नेणे.

घोटा मुरगळला तर चार पावले टाकायला सांगा. टाकता आली नाहीत, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबून दुखले, तर एक्स-रे. पहिले दोन-तीन दिवस मालीश नको, शेक नको, कुणाकडून ‘बसवून’ घेणे तर अजिबात नको. कुस्तीच्या गावात हे ऐकवत नाही, पण आत रक्तस्राव चालू असताना मळले की सूज वाढते. डोक्याला मार लागून पोरगा क्षणभर जरी गोंधळला तरी त्या दिवशी तो परत उतरणार नाही, कॅप्टन असला तरी, अंतिम सामना असला तरी.

सामानाचे बजेट मांडताना आधी जर्सी लिहिली जाते. क्रम उलटा करा. दोघांत एक चेंडू, म्हणजे बावीस पोरांना अकरा, पाच नंबरचे. नियमात चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आहे. शिवण उसवलेला, पाणी प्यालेला जुना चेंडू यापेक्षा बराच जड होतो, तो हेडरच्या सरावातून काढून टाका. हवा ०.६ ते १.१ बार. गेज असलेला पंप घ्या, आणि सुई ओली करून घाला, कोरडी घातली की व्हॉल्व फाटतो. कडक लाल मातीवर लांब स्टडचे बूट घालू देऊ नका, स्टड जमिनीत शिरत नाहीत आणि पाय डगमगतो. अशा मैदानाला बारीक-बारीक रबरी स्टडचे बूट बरे. चिखलासाठी वेगळे. दोन जोड परवडत नसतील तर कॉलेजच्या स्टोअरमध्ये मापाप्रमाणे सात-आठ जोड ठेवता येतात, आणि त्याला एकसारख्या ट्रॅकसूटपेक्षा कमीच खर्च येतो.

एवढे सगळे एका शंभर पानी वहीत मावते. डावीकडच्या पानावर हजेरी, जडपणाचा आकडा, वजन. उजवीकडे दुखणी आणि सराव सामन्याच्या रेघा. वही संचालकांच्या टेबलावर नको, मैदानावरच्या पिशवीत हवी, आणि लिहायला मैदानावर न उतरणारा एखादा विद्यार्थी नेमा. तुमच्या परिसरात पहिल्यांदा यो-यो आखायचा असेल तर आमच्यापैकी कुणीही एका सकाळी येईल, मानधन नको. २० मीटरची टेप तेवढी तयार ठेवा. ॲथलेटिक्सच्या पेटीत असते, बहुधा थाळीच्या खाली.

कळावे,
आपले,
मैदानावरचे काही प्रशिक्षक, फिजिओ आणि पंच